डिशवॉशरमधून भांडी खरकटीच बाहेर येऊ लागली तेव्हा

२०२५ च्या जूनमध्ये, दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या डिशवॉशरमधून भांडी नीट निघेनाशी झाली. २६ जुलैला, श्रावण लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती पुन्हा स्वच्छ निघाली. मधल्या काळात काय काय तपासलं, कुणाला फोन केले, पैसे कुठे गेले आणि कुठे वाचले ते क्रमाने लिहून ठेवते आहे. मी शोधत होते तेव्हा जी माहिती मिळाली ती बहुतेक जड, क्षाराच्या पाण्याच्या शहरांसाठी लिहिलेली होती. जांभ्या दगडाच्या जमिनीवर राहणाऱ्या, रोज नारळाचं वाटप, म्हणजे वाटलेला मसाला, करणाऱ्या आणि चार महिने दमट हवेत काढणाऱ्या घराचं दुखणं थोडं वेगळं निघतं.

आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो. घरात पाच माणसं. मशीन नोव्हेंबर २०२० मध्ये घेतलं, तेरा जणांच्या भांड्यांचं. सासूबाईंच्या हातांची कातडी साबणाने फाटायची, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. डॉक्टरांनी भांडी घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. भांड्यांना बाई मिळत नव्हती आणि माझी शाळा. मशीन आल्यावर दोन महिन्यांत त्यांचे हात भरून आले. त्यामुळे ते बिघडलं तेव्हा ‘बघू सवडीने’ म्हणण्यासारखं नव्हतं. मी घरी पोचायच्या आत त्या गुपचूप सिंकपाशी उभ्या राहायच्या आणि मी ओरडले की म्हणायच्या, “अगो, चार वाट्या तर आहेत!”

लक्षणं अशी होती. वाट्यांच्या आतल्या बाजूला पिवळट तेलकट थर. ताटांवर पांढरं पापुद्र्यासारखं काहीतरी, ओलं असताना दिसत नाही, वाळलं की दिसतं. पेले हाताला खरखरीत. वरच्या जाळीतली भांडी खालच्यापेक्षा जास्त वाईट. टॅबलेटच्या खणात कधीकधी न विरघळलेला लगदा. एरर कोड कोणताच नाही. मशीन व्यवस्थित सुरू व्हायचं, पाणी घ्यायचं, सोडायचं, शेवटी वाजायचं. फक्त संपायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागत होता, याची नोंद मी तेव्हाच एका वहीत करून ठेवली.

ही वही फार उपयोगी पडली. कुठला प्रोग्रॅम लावला, कोणत्या जाळीतलं काय निघालं नाही, डाग कसला, एवढंच लिहायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फिल्टर धुतला, नवीन टॅबलेट आणली आणि प्रोग्रॅमही बदलला, तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पहिलं काम, थर कसला आहे ते ओळखणं. एक धूसर पेला साध्या व्हिनेगरमध्ये पाव तास बुडवून ठेवला. क्षाराचा थर असता तर तो विरघळून काच स्वच्छ झाली असती. पेला होता तसाच राहिला. म्हणजे क्षार नव्हे. ताटावरच्या पांढऱ्या पापुद्र्यासाठी मी घरातलं टिंक्चर आयोडीन घेतलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, पिष्टमय पदार्थ ओळखायचा हा प्रयोग मुलांकडून दरवर्षी करून घेते. वाळलेल्या ताटावर एक थेंब टाकला. थेंब पसरला आणि त्याची तपकिरी कड बघता बघता निळी-काळी झाली. तो थर म्हणजे आमची रोजची सकाळची उकड्या तांदळाची पेज होती! ताटावरून ती निघालीच नव्हती, नुसती पातळ होऊन सगळीकडे सारखी पसरली होती.

यातून पुढची दिशा मिळाली. डिशवॉशरच्या पावडरीत आणि टॅबलेटमध्ये एन्झाइम असतात. एक प्रकार पिष्ट तोडतो, दुसरा प्रथिनं तोडतो. त्यांना काम करायला गरम पाणी लागतं, साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास ती उत्तम चालतात. ताटावर पिष्ट तसंच राहत असेल तर तीन शक्यता: पाणी ताटापर्यंत जोराने पोचत नाही, पावडर खराब आहे, किंवा पाणी तापत नाही. मी याच क्रमाने गेले, कारण पहिल्या दोन गोष्टी घरच्या घरी आणि जवळपास फुकट तपासता येतात.

फिल्टर आम्ही दर आठवड्याला धुतो, पण यावेळी तो टॉर्च घेऊन पाहिला. आमच्या मशीनमध्ये तो तीन भागांचा आहे. मधली दंडगोल जाळी, तिच्याखालची बारीक जाळी आणि सपाट स्टीलची चाळण. बारीक जाळीला बाहेरून काही दिसत नव्हतं, पण उजेडासमोर धरली तर अर्ध्याहून जास्त भाग बंद. त्यात वाटपाचा लगदा बसला होता, नारळाच्या तेलाने लिंपलेला. नारळाचं तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं आणि पावसाळ्यात आमच्या टाकीचं पाणी त्याच्या जवळपासच असतं. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून तासभर भिजवलं आणि जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासलं. तारेची घासणी इथे वापरायची नाही, जाळीला भोक पडलं की कचरा थेट पंपात जातो.

जाळी बसवताना आणखी एक गोष्ट दिसली. दंडगोल फिरवून बंद करायची जी खाच असते, ती झिजली होती. फिल्टर बसल्यासारखा वाटायचा, पण बोटाने दाबला की किंचित वर-खाली हलायचा. त्या फटीतून बारीकसारीक सगळं पाण्याबरोबर वर जात असणार. नवीन फिल्टर सुट्या भागांत मागवला, साडेआठशे रुपये, आठवड्याभरात आला. तुमचं मशीन चार-पाच वर्षांचं असेल तर फिल्टर धुण्याबरोबर तो हलतो का, हेही बघा.

फिल्टर काढलेला असतानाच मशीनचा प्लग काढून, रबरी हातमोजा घालून तळाच्या खड्ड्यात हात घातला. हातमोजा आवश्यकच, तिथे फुटक्या काचेचे तुकडे साठतात. काच नव्हती. बांगड्याचा एक काटा, आमसुलाचा तुकडा आणि तिरफळाची, म्हणजे मासळीच्या आमटीत घालतात त्या मसाल्याच्या फळाची, टरफलं निघाली. आता जूनमध्ये आमच्याकडे बांगडा कुठला? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. म्हणजे ती तिरफळं मे महिन्यातल्या हुमणाची (मासळीच्या आमटीची), तेव्हापासून आत होती.

त्यानंतर पाणी फवारणारे हात. खालचा हात सरळ वर ओढला की निघतो, वरचा आमच्या मशीनमध्ये एका चाकीने बसवलेला आहे. वरचा हात कानाशी धरून हलवला तर आत खुळखुळ आवाज आला. नळाखाली धरून त्याच्या मधल्या भोकातून पाणी सोडलं. दहा-अकरा भोकांतून सारख्या धारा यायला हव्यात, पण चारच आल्या आणि त्यातली एक वाकडी. टूथपिकने एकेक भोक मोकळं केलं. टूथपिकच्या टोकाला काळी चकचकीत बी लागून आली, तिरफळाचीच. त्याबरोबर तांबूस चिखल. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे. बादलीत रात्रभर ठेवलं तर सकाळी तळाला पिवळट-तांबडा थर दिसतो. नळाचं पाणी कमी आलं की उन्हाळ्यात तेच पाणी पंपाने टाकीत चढवतो. तो चिखल फवाऱ्याच्या हातांच्या आत बसला होता. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड विरघळवून दोन्ही हात रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी उलटे करून आपटले, तेव्हा आणखी बरंच काही पडलं.

हात फिरतो का, हे तपासायची सोपी युक्ती: मशीन सुरू करण्यापूर्वी हात कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवायचं, पाच-सात मिनिटांनी मशीन थांबवून दार सावकाश उघडायचं आणि पुन्हा बघायचं. दोनदा-तीनदा केलं की कळतं. उंच डावाचा दांडा किंवा मोठं ताट आडवं येऊन हात अडतो, तेही यातच दिसतं.

एवढ्यावर वरच्या जाळीतल्या भांड्यांत खूप फरक पडला. वाट्यांतला कचरा गेला. पण तेलकटपणा आणि ताटावरचं पेजेचं पापुद्रं कायम. आयोडीनचा थेंब पुन्हा निळाच. म्हणजे धार पोचते आहे, तरीही निघत नाही.

मग पाणी आणि पावडर. पाण्याचा जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या साडेतीनशे रुपयांना मिळाल्या. आमच्याकडे नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, खांडेपार नदीचं. पट्टीवर ते अगदी हलकं दाखवलं. विहिरीचंही हलकंच, लोह सोडलं तर. घाटावरच्या नातेवाइकांनी फोनवर ‘मीठ घाल, मीठ घाल’ सांगितलं होतं, पण पाण्यात क्षारच नसतील तर मिठाचा भांडी निघण्या-न निघण्याशी संबंध येत नाही. ते मीठ मशीनमधल्या क्षार शोषणाऱ्या राळेला पुन्हा ताजं करण्यासाठी असतं. पाणी जड असेल तर घालायलाच हवं, आणि तेव्हाही खास डिशवॉशरचं जाड मीठ, स्वयंपाकाचं नाही. तुमच्या घरी बोअरवेल किंवा उन्हाळ्यात टँकर येत असेल तर पट्टी लावून बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये खारट व्हायला लागतं आणि तिथे हिशेब वेगळा.

पावडरीच्या बाबतीत गोव्याचा पावसाळा नडतो. टॅबलेटचं पाकीट एकदा फोडलं की आठवड्याभरात टॅबलेट बोटाला ओलसर लागतात. ओल लागली की आतला ब्लीचचा भाग हळूहळू विघटित होतो, एन्झाइमही मंदावतात. मी नवीन पाकीट आणलं, सगळ्या टॅबलेट घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरल्या आणि औषधांच्या बाटल्यांतून येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या. मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर बरणी ठेवली. खणात टॅबलेट टाकताना खण पुसून कोरडा करायचा, नाहीतर टॅबलेट तिथेच चिकटते. यानेही फरक पडला, पण थोडाच.

उरलं ते गरम पाणी.

हे तपासायला मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण स्क्रूसुद्धा न उघडता उत्तर मिळतं. ७० अंशांचा प्रोग्रॅम लावला. सुरुवातीचं विसळणं बहुतेक मशीनमध्ये थंड पाण्याने होतं, त्यामुळे लगेच बघून काही कळत नाही. चाळीसेक मिनिटांनी मशीन थांबवलं, पाणी शांत होऊ दिलं आणि दार आधी थोडंसं, मग पूर्ण उघडलं. वाफेचा पत्ता नाही. स्टीलच्या पेल्याला हात लावला तर गार. स्वयंपाकघरातला थर्मामीटर तळाच्या पाण्यात धरला: २९ अंश.

खात्री करायला वीज मीटरची मदत घेतली. ही युक्ती जरूर करून बघा. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातला फ्रिज, पंखे, दिवे, सगळं बंद केलं, फक्त डिशवॉशर चालू. त्याचा हीटर साधारण २००० वॅटचा. तो चालू असता तर दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकला असता. नुसती मोटर शंभरेक वॅट घेते. मी व्हरांड्यात मीटरसमोर छत्री घेऊन उभी राहिले. दहा-बारा सेकंदांतून एकदा दिवा लागत होता. बराच वेळ पाहिलं, वेग वाढला नाही. मशीन पाणी तापायची वाट बघत होतं, ते तापत नव्हतं, म्हणून प्रोग्रॅम लांबत होता. वहीतल्या वेळेच्या नोंदींचा अर्थ लागला.

त्या रात्री मला फार हलकं वाटलं. बिघाड अजून होताच, पण तो कुठे आहे ते कळलं होतं.

३० जूनला कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. वॉरंटी २०२२ मध्येच संपली होती, त्यामुळे भेटीचे ५५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६४९. दुरुस्ती करून घेतली तर ते बिलात वळते होतात, हे आधीच विचारून घेतलं. तक्रार क्रमांकाचा मेसेज आला, तारीख मिळाली ३ जुलै. फोनवरच्या मुलीने विचारलं, “तुमच्याकडे पाण्याचं प्रेशर कमी असेल का?” गोव्यात बैठ्या घरांना हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून तेही सांगते. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा साडेतीन मीटर उंच, म्हणजे ०.३५ बार. आमच्या मॅन्युअलमध्ये किमान ०.३ लिहिलं आहे, म्हणजे कसाबसा पुरतो. कमी दाबाने पाणी भरायला वेळ लागतो, पण आत पाणी फवारायचं काम मशीनचा स्वतःचा पंप करतो. नळाच्या पाइपच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते, तीही मी काढून धुतली होती. तिच्यातही तांबडा चिखल.

३ जुलैला मी अर्धी रजा टाकून घरी थांबले. कुणी आलं नाही. संध्याकाळी मेसेज आला की ‘ग्राहक उपलब्ध नसल्याने तक्रार बंद’. हे वाचून मला खरोखर रडू आलं. दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी शांतपणे ईमेल लिहिला: तक्रार क्रमांक, तारीख, त्या दिवशीच्या कॉल लॉगचा फोटो, आणि हेही की दखल घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर, तक्रार करेन. त्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. तिथे फोन करायची वेळ आली नाही, तक्रार पुन्हा उघडली गेली. एक सूचना: काम झाल्याचा ओटीपी फोनवर कुणी मागितला तर काम होण्याआधी देऊ नका. तो दिला की त्यांच्या नोंदीत तक्रार मिटलेली असते.

९ जुलैला टेक्निशियन आले. तरुण मुलगा, भर पावसात मडगावहून दुचाकीवर आलेला. आधी त्याला चहा दिला. मी वही दाखवली, २९ अंशांचं सांगितलं. त्याने प्रोग्रॅम लावून पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, पंप बदलावा लागणार. हीटर पंपातच असतो, सुटा मिळत नाही.”

“हीटर मोजून बघणार का?”

“तापत नाही म्हणजे गेलाच. नेहमीचंच आहे हे.”

हीटर पंपातच असतो हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. अलीकडच्या बऱ्याच मशीनमध्ये तसंच असतं. पंपाचे दहा हजार आणि जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये. भाग बाहेरून यायला दोन-तीन आठवडे. आणि पाच वर्षांच्या मशीनवर इतका खर्च करण्यापेक्षा नवीन घेतलेलं बरं, असंही त्याने सांगितलं. मी अंदाजपत्रक लेखी मागितलं, पावती घेतली आणि विचार करून कळवते म्हटलं. लेखी अंदाजपत्रक मागायला संकोच करू नका. त्यावर भागाचं नाव आणि क्रमांक असतो, दुसऱ्या कुणाला दाखवायला तोच उपयोगी पडतो.

नवऱ्याचं मत नवीन घ्यावं असं होतं. घरात यावरून दोन दिवस कुरबुर झाली. माझं म्हणणं एवढंच, की न मोजता अकरा हजार आठशे द्यायचे नाहीत. पंप बदलूनही पाणी तापलं नाही तर?

शाळेतल्या एका सहकाऱ्याने फोंड्यात वॉशिंग मशीन-फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका काकांचा नंबर दिला. ते डिशवॉशर करतात का, याची मला शंका होती. फोनवर म्हणाले, “पाणी तापवायचं, फिरवायचं आणि सोडायचं, दुसरं काय असतं त्यात? पण पावसात माझ्याकडे इन्व्हर्टरची रांग आहे, वेळ लागेल.” १९ जुलैला, शनिवारी दुपारी आले. मशीन कपाटातून बाहेर ओढलं, प्लग काढला, खालची पत्र्याची पट्टी उघडली आणि सर्वात आधी हीटरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. आकडा आला २६ ओहम.

मी वहीतच हिशेब मांडला. २३० चा वर्ग भागिले २६, म्हणजे सुमारे २०३० वॅट. हीटर ठणठणीत होता. काका हसून म्हणाले, “बाई, तुम्ही मास्तरीण दिसता.”

मग त्यांनी दाराच्या आतलं सर्किट बोर्ड बाहेर काढलं. खिडकीपाशी उजेडात नेऊन भिंगातून दाखवलं. हीटरची वीज चालू-बंद करणारा जो छोटा स्विच असतो त्या रिलेच्या एका पायाभोवती तपकिरी वर्तुळ, बोर्ड तिथे करपून काळपट झालेलं, आणि झाळणीला केसाएवढी गोल चीर. हीटर चालतो तेव्हा त्या एका पायातून नऊएक अँपिअर वीज जाते. रोज तापतं, रोज निवतं, वर आमच्याकडची ओल. झाळणी अशी सुटते. संपर्क तुटला की रिले टिक्‌ करतो, पण हीटरला वीज जात नाही. आणि म्हणूनच सगळं चालू दिसतं, पाणी मात्र गार. बोर्डवर ओलीचे पांढरे डागही होते.

हे घरी करायचं काम नाही, हे स्पष्ट सांगते. थर्मामीटर, मीटरचा दिवा, फिल्टर, फवाऱ्याचे हात, इथपर्यंत कुणीही जावं. पत्रा उघडून २३० व्होल्टच्या जागी बोट घालायला जाणकारच हवा.

काका बोर्ड घेऊन गेले. त्या मापाचा रिले फोंड्यात मिळाला नाही, कुरियरने मागवावा लागला. मधला आठवडा कठीण गेला. घरात पाहुणे, बाहेर धो धो पाऊस, वीज जाऊन येऊन. रात्री भांडी मी आणि नवरा मिळून घासत होतो. सासूबाईंना मी सिंकपासून दूर ठेवायचे आणि त्या मागे उभ्या राहून कपड्याने भांडी पुसायच्या, तेवढं मी मान्य केलं.

२६ जुलैला बोर्ड बसला. रिले नवीन, करपलेल्या जागी तांब्याच्या तारेचा जोड, ओलीचे डाग साफ करून वर संरक्षक लेप. रिले, कुरियर, मजुरी धरून १,४०० रुपये. साध्या पावतीवर त्यांच्याकडून ‘तीन महिने हमी’ लिहून घेतलं, त्यांनी आनंदाने लिहून दिलं. श्रावण लागलेला, त्यामुळे चाचणीला मासळीची भांडी नव्हती, पण सकाळच्या पेजेची ताटं आणि अळसांद्याच्या तोणाकाच्या (चवळीच्या रश्शाच्या) वाट्या होत्या. मी पुन्हा मीटरपाशी गेले. वीसेक मिनिटांनी दिवा एकदम भराभर लुकलुकायला लागला. मी तिथूनच ओरडले, “काका, लागला!” पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा वाफ तोंडावर आली. थर्मामीटरवर ६२ अंश. ताट वाळल्यावर आयोडीनचा थेंब टाकला, तो तपकिरीच राहिला.

सगळा खर्च असा: नवीन फिल्टर ८५०, पट्ट्या ३५०, सायट्रिक ॲसिड ९०, सेवा केंद्राची भेट ६४९, बोर्ड दुरुस्ती १,४००. थर्मामीटर घरात होताच. सेवा केंद्राला मी पंप नको असं ईमेलने कळवलं, म्हणजे तक्रार त्यांच्याकडे अर्धवट लटकत राहायला नको. ज्यांना खरंच नवीन मशीन घ्यावं लागणार आहे त्यांच्यासाठी: २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या किमती डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका.

२७ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली. आमच्या घरी सगळी भावकी जमते. खतखत्याचे (मिश्र भाज्यांच्या रश्शाचे) तोप, पातोळ्यांच्या हळदीच्या पानांची ताटं, नेवऱ्यांच्या तळणीचे झारे, सगळं त्या मशीनमधून गेलं. पितळी समया, तांब्याचा कलश आणि ॲल्युमिनियमची पातेली मात्र हातानेच धुतली. डिशवॉशरच्या पावडरीने ॲल्युमिनियम काळं पडतं आणि तांब्या-पितळेची झळाळी जाते. खतखत्याची भांडी लावण्यापूर्वी तिरफळं चमच्याने काढून टाकायची, असं सगळ्या जावांना सांगून ठेवलं होतं. चवथीनंतर फिल्टर उघडला तर एकही तिरफळ नाही.

काही पेले तेवढे धूसरच राहिले, व्हिनेगरने न निघालेले तेच. तो थर नसून काच झिजली आहे. हलक्या पाण्यात भरपूर डिटर्जंट पडलं की वर्षानुवर्षांत काचेचा पृष्ठभाग असा खाल्ला जातो, आणि ते परत होत नाही. टॅबलेटचं प्रमाण कमी करता येत नाही, म्हणून आता आम्ही पावडर वापरतो. रोजच्या भांड्यांना पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्मी पुरते, मासळीच्या दिवशी थोडी जास्त. चमक देणाऱ्या रिन्स एडचा आकडाही सगळ्यात खाली, १ वर आणला आहे. नवीन आणलेले सहा पेले अजून पारदर्शक आहेत.